शेवटच्या माणसाच्या पायातली पट्टी

२०२३ च्या कार्तिकीला आमची दिंडी पहाटे सव्वाचारच्या सुमाराला दिघंची मागे टाकून महूदच्या रस्त्याला लागली होती. काकडा आटोपून निघालो होतो. चांगली थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डाळिंबाच्या बागा होत्या आणि टाळांचा संथ ठेका चालू होता. शेजारच्या काकी माझ्या पुढच्याच ओळीत, रस्त्याच्या बाजूला होत्या. मागून गाडीचा उजेड आला. आमच्या सावल्या पुढं लांबच लांब पसरल्या. कुणीतरी म्हणालं, "गाडी आली, कडंला व्हा." तेवढ्यात फाटकन आवाज झाला आणि काकी माझ्या डोळ्यांदेखत कडेच्या चारीत गेल्या.

दुधाची पिकअप होती. तिचा आरसा काकींच्या दंडाला लागला होता. हाड मोडलं, पण जीव वाचला. गाडी पुढं जाऊन थांबली आणि चालवणारा पळत मागं आला. पंचविशीतला पोरगा होता. हात थरथरत होते. एकच वाक्य तो परत परत म्हणत होता, "माउली, देवाशपथ, दिसलंच न्हाई मला."

आमच्यातल्या कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही, माझाही नाही. नव्वद-ब्याण्णव माणसं, हातात टाळ, खांद्यावर पताका, अंगात पांढरे सदरे, आणि हा म्हणतो दिसलं नाही? आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०२२ ला, सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार घुसून ७ वारकरी गेले होते. तीही कार्तिकीचीच वाट होती. ती बातमी सगळ्यांच्या मनात ताजी होती, त्यामुळे लोक चिडले होते.

महाराजांनी लोकांना शांत केलं. त्याच पिकअपमधून काकींना मागच्या गावात दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि सोबतीला मी गेले. डॉक्टरांनी हात बांधला, गावाकडून काकींचा मुलगा निघाला, आणि दिवस उजाडायच्या आत त्या पोरानं मला परत दिंडीकडं सोडायला घेतलं. तेव्हा मी त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसले होते. माझ्या माणसांकडं गाडीवाल्याच्या जागेवरून बघायची ती माझी पहिलीच वेळ.

गाडी पन्नासच्या आसपास होती. दिवे खाली केलेले, कारण समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. त्यांचा उजेड डोळ्यांत जायचा आणि ते गेले की पुढचा रस्ता काही क्षण नुसता काळा व्हायचा. दिंडी याच रस्त्यावर आहे हे मला माहीत होतं. मी काचेला नाक लावून तिलाच शोधत होते. तरी दिंडी दिसेना.

मग लांब, रस्त्याच्या डाव्या कडेला, जमिनीलगत दोन ठिणग्या दिसल्या. एक वर गेली की दुसरी खाली यायची. मी म्हणाले, "कुणीतरी चालतंय बघ." त्या पोरानंही गाडी हळू केली. बरंच पुढं गेल्यावर त्या ठिणग्यांच्या मागं माणसं उमटली. आधी धुरकट राखाडी सदरे, आणि अगदी जवळ गेल्यावर बायकांची लुगडी. हिरवी, जांभळी, चॉकलेटी लुगडी त्या अंधारात विरघळून गेली होती. माझ्या आत्तीच्या, म्हणजे सासूबाईंच्या पाठीला गाडीचा उजेड टेकला तेव्हा आम्ही त्यांच्यापासून वीस पावलांवर होतो.

त्या ठिणग्या शेवटच्या ओळीतल्या एका कॉलेजच्या पोराच्या बुटांच्या होत्या. टाचेला बोटभर चंदेरी पट्टी. ब्याण्णव माणसांत अंधारात दिसलेली तेवढी एकच गोष्ट.

मी त्या पोराला म्हणाले, "बाबा, तू खोटं बोलत नव्हतास." तो काहीच बोलला नाही.

*

मी शिंपीकाम करते. घरी दोन मशिनी आहेत. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते आणि दुपारी मुलींचा शिलाईचा वर्ग घेते. गावी परतल्यावर पहिला विचार आला तो असा की, ती बोटभर पट्टी कापडाचीच होती. म्हणजे हे माझ्या हातातलं काम आहे.

आमचे भाऊजी एसटीत चालक आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, चालणाऱ्याला गाडी लांबनं दिसती, म्हणून त्याला वाटतं गाडीवाल्यालाबी आपण दिसलो. तिथंच घात हुतो. दिवे आमच्याकडं असत्यात, तुमच्याकडं न्हाईत."

मग त्यांनी हिशेब सांगितला, तो मी वहीत लिहून ठेवला आहे. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरा, म्हणजे ४४ मीटर गेले. ब्रेक लागल्यावर, रस्ता कोरडा असला तरी, गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. एकूण ऐंशीच्या आसपास. खाली केलेल्या दिव्यांचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच नीट पोचतो. गडद कपड्यातला माणूस त्यातही अलीकडंच दिसतो. गाडीवाला कितीही सावध असला तरी हे गणित माणसाच्या बाजूनं सुटत नाही. सुटायचं असेल तर माणूस शंभर मीटरच्या पलीकडून दिसायला हवा.

२०२२ सालात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळपास पाचातली एक पायी चालणारी होती. त्या आकड्यात आमच्या काकी गेल्या नाहीत, हे केवळ नशीब.

कार्तिकीची एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आली. आम्ही भाऊबीज झाल्यावर चार दिवसांनी निघायचो आणि दशमीला पंढरपुरात पोचायचो. शुद्ध पक्ष असतो म्हणून सगळ्यांना वाटतं चांदणं आहे. पण षष्ठी-सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, नवमीचाही त्यानंतर फार टिकत नाही. आम्ही पहाटे ज्या वेळी चालतो ती वेळ पूर्ण अंधाराची असते. संध्याकाळी चांदणं बघून झोपलेलं माणूस पहाटेही त्याच भरवशावर निघतं.

*

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. विट्याच्या बाजारातून नमुन्याला चार जाळीदार जाकिटं आणली. पोपटी रंग आणि त्यावर राखाडी पट्टे, रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात तसली. दिवसा दुकानात चारही सारखीच झगझगीत दिसत होती.

रात्री अंगणात दोरीवर ती वाळत घालावीत तशी टांगली आणि बॅटरी घेऊन लांब उभी राहिले. बॅटरी कमरेशी धरली होती. चारही पट्टे नुसते राखाडी दिसले. पैसे वाया गेले असं वाटलं. भाऊजी म्हणाले, "बॅटरी डोळ्याशेजारी धरा." कानशिलाला लावून धरली आणि दोन जाकिटांचे पट्टे पांढरेशुभ्र पेटले. उरलेली दोन तशीच मेलेली. त्यांच्यावर नुसतं राखाडी प्लास्टिक शिवलेलं होतं.

आत्ती ओट्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गोठ्यातल्या बैलाचं डोळं चमकत्यात तसंच की गं हे." अगदी तसंच आहे. बैलाच्या किंवा मांजराच्या डोळ्यात मागं चकचकीत पडदा असतो. तो आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो. या पट्टीवर काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात, रव्याहूनही बारीक, आणि त्यांच्यामागं चंदेरी थर असतो. उजेड मण्यात शिरतो, वाकतो, मागं आपटतो आणि निघाला तिकडंच परत जातो. गाडीचा दिवा आणि चालवणाऱ्याचा डोळा जवळजवळ असतात, म्हणून त्याला ती पट्टी पेटलेली दिसते. बाजूनं चालणाऱ्या सोबत्याला मात्र तिथं नुसती राखाडी चिंधी दिसते. लोकांचा या पट्टीवर विश्वास बसत नाही तो यामुळंच. जो घालतो त्याला तिचं काम कधीच दिसत नाही.

पोपटी आणि नारिंगी रंगाचंही तेव्हाच कळलं. तो झगझगीतपणा सूर्याच्या अतिनील किरणांवर चालतो. दिवसा, ढगाळ हवेत, तिन्हीसांजेला त्याचा फार उपयोग आहे. पण रात्री तो रंग जवळजवळ साध्या कापडासारखाच. अंधारात काम करते ती चंदेरी पट्टी. आणि अंधारात चंदेरी पट्टी स्वतः उजेड तयार करत नाही, तिच्यावर दिवा पडावा लागतो. दिवे न लावता येणारी गाडी, वळणावर अचानक येणारी गाडी, यांच्यासाठी आपल्याजवळ स्वतःचा दिवाही हवा. रंग संध्याकाळचा, पट्टी गाडीच्या दिव्यापुढची आणि आपला दिवा बाकीच्या अंधाराचा. तिघांची कामं वेगळी आहेत.

*

पण खरी अडचण पुढंच होती. टेंभूच्या कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर एका रात्री आम्ही चाचणी घेतली. भाऊजींनी मित्राची गाडी आणली, दिवे खाली करून उभी केली आणि मी चालकाच्या जागेवर बसले. तिघांना पाठमोरं चालायला लावलं. माझ्या नवऱ्यानं पांढरा सदरा आणि धोतर घातलं. आत्तींनी चांगलं जाकीट घातलं, पण वारीला जाताना घेतात तशी शाल आणि पाठीवर पिशवीही घेतली. पुतण्याच्या दोन्ही घोट्यांना मी त्या जाकिटातून उसवलेली पट्टी बांधली होती. अंगात काळा टीशर्ट.

सत्तर पावलांवर पांढरा सदरा धूसर झाला आणि मग गेला. आत्तींचं जाकीट पहिल्या पावलापासूनच नव्हतं. शालीनं आणि पिशवीनं सगळे पट्टे झाकले होते. काळ्या टीशर्टातला पुतण्या मात्र कालव्याच्या वळणापर्यंत दिसत राहिला. मोजली तर ती दोनशेच्या वर पावलं भरली. नुसता दिसतच नव्हता, माणूस आहे हेही कळत होतं. मग मी त्याला जाकीट घालून, घोट्याला काही न बांधता स्थिर उभं राहायला सांगितलं. लांबून ते जाकीट मैलाच्या दगडासारखं, नाहीतर रस्त्याकडेच्या खुणेच्या खांबासारखं दिसलं. चमकत होतं, पण ते काय आहे ते कळत नव्हतं.

याचं कारण पुढं वाचनात आलं. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं की, अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके लावले आणि तो चालू लागला, की बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस चालतोय. तोच माणूस थांबला तर नुसते विखुरलेले ठिपके उरतात. माणसाच्या डोळ्याला माणसाची चाल ओळखायची उपजत सवय असते. म्हणून पट्टी तिथं हवी जिथं शरीर हलतं. घोटे, गुडघे, मनगटं, कोपरं. छातीपाठ त्यानंतर. कॉलेजच्या पोराच्या बुटांनी मला त्या पहाटे हेच सांगितलं होतं.

फिनलंडमध्ये अंधारात चालणाऱ्यानं रिफ्लेक्टर वापरायचा असा कायदाच आहे. तिथं कोटाच्या खिशाला दोरीनं एक छोटी चकती लोंबती ठेवतात, चालताना ती झुलते. १९६० च्या दशकात ही चकती पादचाऱ्यांसाठी आणणाऱ्या आर्वी लेहती यांनी आधी घोड्याच्या गाड्यांसाठी असं काम केलं होतं. हे वाचून मला आमच्याकडच्या उसाच्या बैलगाड्या आठवल्या. गाडीला लाल रिफ्लेक्टर लावावा हे आम्ही शिकलो. बैल वाचावा, गाडी वाचावी, असं वाटलं. गाडीच्या मागून चालणाऱ्या माणसाला मात्र काहीच लावलं नाही.

*

मग शिवायला बसले. नुसती पट्टी माणसाला बांधता येत नाही. ती ताणत नाही, इलॅस्टिकवर शिवली तर चुणते आणि लवकर तडकते. म्हणून बॅगा शिवणाऱ्यांकडून रुंद निवार पट्टा आणला, त्यावर दोन इंची चंदेरी पट्टी आणि टोकाला वेलक्रो. दोन इंचच का, तर अशा कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ २०४७१ मध्ये, पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद लागते. आपल्याकडचं मानक आयएस १५८०९. विकत घेताना जाकिटाच्या आतल्या लेबलवर हा आकडा शोधायचा आणि तरीही घरी बॅटरी कानशिलाला लावून बघायचं.

टीप कडेपासून अगदी दोरा-दोन दोरे आत घातली. मधून टीप मारली की सुईच्या भोकांतून पाणी शिरतं आणि मणी सुटतात. इस्त्री पट्टीवरून फिरवायची नाही. घडी पट्टीवर पाडायची नाही. ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवायचं नाही. चिखल बसला तर ओल्या फडक्यानं पुसायचं. पट्टी किती धुण्यांपर्यंत टिकेल हे चांगल्या मालावर लिहिलेलं असतं. तेवढी धुणी झाली की कापड धड असलं तरी पट्टी बदलायची.

माणशी चार पट्ट्या धरल्या, दोन हातांना, दोन पायांना. ब्याण्णव माणसांच्या तीनशे अडुसष्ट. एकेक तीस सेंटिमीटरची. शिवाय प्रत्येकाच्या पिशवीच्या पाठीवर एक आडवी. पन्नास मीटरचे तीन रोल लागले. माझ्या वर्गातल्या सात मुली दसऱ्यापासून रोज तासभर बसत होत्या.

बायकांच्या कपड्यांचा विचार कुणीच केलेला नसतो, हे मला शिवताना जाणवलं. बाजारातलं सगळं सामान पँट-शर्ट डोळ्यांपुढं ठेवून केलेलं. जाकीट घातलं की पदर त्याच्यावरून येतो. पदरावरून जाकीट घातलं तर डोक्यावरचा पदर राहत नाही, आणि आमच्या म्हाताऱ्या बायका त्याला तयार नाहीत. नऊवारी नेसणाऱ्यांचं सोपं होतं. पोटरी उघडी असते, तिथं पट्टी छान बसते. सहावारीचा घोळ मात्र घोट्यावर येतो. मी एकीला आरशासमोर उभी न करता अंगणात चालवलं आणि मागून बघितलं. निऱ्या चार बोटं वर खोचल्या की पायातली पट्टी प्रत्येक पावलाला दिसते. ज्यांना ते नको होतं त्यांच्या साडीला मी फॉलच्या वर, बाहेरून, मागच्या बाजूला अर्धी पट्टी टाचून दिली, नंतर उसवता येईल अशी. थंडीत हात शालीखाली जातात, म्हणून हाताच्या एकट्या पट्टीवर विसंबायचं नाही. तुळस डोक्यावर घेणारीचा हात मात्र वर असतो, तिच्या मनगटाची पट्टी सगळ्यांत लांबून दिसते. वृंदावनाच्या बुडालाही एक वेढा दिला.

विरोध झाला. एक आजोबा म्हणाले, "एवढी वर्सं इठोबानं नेलं, आता तुझी चिंधी नेणार व्हय?" मी गप्प बसले, कारण ते माझ्या वडलांच्या वयाचे. उत्तर महाराजांनी दिलं. ते म्हणाले, "माउली, पताका कशासाठी धरतो आपण? लांबून दिंडी दिसावी म्हणूनच ना? दिवसा पताका, रात्री पट्टी." आजोबांनी पाय पुढं केला. मी खाली बसून स्वतः त्यांच्या पोटरीला पट्टी बांधली.

*

दिव्यांचंही तसंच शिकत गेलो. आधी आमच्यातले पाच-सहा जण मोबाइलची बॅटरी लावून चालायचे. त्यानं पायाखालचा खड्डा दिसतो, पण पाठीमागच्या गाडीला काहीच दिसत नाही. शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो उजेड मारला की तो आंधळा होतो, आणि आंधळा झालेला चालक आपल्याच अंगावर येतो. आता नियम केला आहे. सगळ्यांत पुढच्याकडं पांढरा दिवा, तोही जमिनीकडं झुकवलेला. सगळ्यांत मागच्याच्या कमरेला लाल दिवा. सायकलीच्या मागं लावतात तो छोटा दिवा आम्ही वापरतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही रात्री गटानं चालणाऱ्यांसाठी नेमकं हेच सांगितलं आहे, पुढं पांढरा, मागं लाल. आपल्या रस्त्यावर चालकाच्या मनात लाल म्हणजे मागची बाजू हे पक्कं बसलेलं असतं. म्हणून दिंडीच्या तोंडाला लाल दिवा लावायचा नाही.

लाल दिवा उघडझाप करणारा असला की लक्ष लवकर वेधतो, पण नेमका किती लांब आहे त्याचा अंदाज येत नाही. म्हणून आम्ही दोन ठेवतो, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा. दिवा घेताना मी तीन गोष्टी बघते. पाणी लागलं तरी चालतो का, हातमोजा घालून किंवा गारठलेल्या बोटांनी कळ दाबता येते का, आणि रात्री चार्जिंग मिळालं नाही तर साधा सेल घालता येतो का. मुक्कामाच्या देवळात एक प्लग आणि चाळीस मोबाइल असतात. उजेडाचा आकडा किती मोठा याला मी त्यानंतर किंमत देते.

सामानाच्या टेम्पोला कायद्याप्रमाणं पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल चिकटपट्टी होतीच. तीच मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली पट्टी आम्ही हातगाड्यालाही लावली. ती कापडाला लावायची नाही, वाकवली की तडकते.

या सगळ्यानं सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. चालकाला डुलकी लागली, तो प्यायलेला असला, तर कुठलीही पट्टी माणसाला वाचवत नाही. म्हणून आम्ही निघायची वेळही बदलली. पूर्वी साडेतीनला काकडा करून चारला निघायचो, आता पाचला निघतो. दोन तासांचा अंधार तासावर आला. मुक्काम सूर्य मावळायच्या आत गाठतो, त्यासाठी रोजची चाल दोन-तीन किलोमीटरनं कमी केली आणि एक दिवस आधी गाव सोडतो. दोघा-दोघांची ओळ, पांढऱ्या रेघेच्या आत. एकटा-दुकटा माणूस चालत असेल तर त्यानं उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी बघत चालावं, हेही गावात सांगते. आम्ही भजनाच्या तालात डावीकडून चालतो, तेव्हा आमची पाठच आमचं तोंड असते. तिथंच सगळ्यांत जास्त उजेड हवा.

*

२०२४ च्या कार्तिकीला त्याच रस्त्यावर आलो. दिघंची मागं पडली. काकी हात बरा होऊन सोबत होत्या. ज्या चारीत त्या पडल्या होत्या ती जागा आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, बोलल्या काहीच नाहीत.

मागून गाडी आली. मी ओळीतून बाहेर कडेला सरून मागं वळून बघितलं. मालट्रक होता. अजून कितीतरी लांब असतानाच त्याचा वेग उतरल्याचा आवाज आला, मग त्यानं दिवा दाखवला, रस्त्याची पलीकडची बाजू धरली आणि आमच्यापासून पुरं एक गाडीभर अंतर ठेवून हळू पुढं गेला. जाताना किन्नरनं खिडकीतून हात जोडले.

त्याला आमची दिंडी कशी दिसली असेल ते मी मनात बघितलं. तीनशेच्या वर ठिणग्या, टाळाच्या ठेक्यावर वरखाली होणाऱ्या. आमच्या डोळ्यांना मात्र सगळ्या पट्ट्या राखाडीच होत्या. पुढं चालणाऱ्या कुणालाच काही कळलं नाही. भजन तसंच चालू राहिलं.

त्यानंतर शेजारच्या दोन गावांच्या दिंड्यांनी पट्ट्या मागितल्या. मी त्यांना शिवून दिल्या नाहीत, त्यांच्या गावच्या शिलाई येणाऱ्या बायकांना बोलावून शिकवल्या. माप सांगते, कुणीही शिवू शकतं. पट्टी तीस सेंटिमीटर, निवार त्याहून चार बोटं जास्त, वेलक्रो दोन्ही टोकांना, टीप कडेला.

वारीच नव्हे, पहाटे फिरायला जाणारे, रात्रपाळी करून पायी घरी येणारे, अंधारात रानात पाणी धरायला निघणारे, ऊसतोडीच्या फडावर चाललेले, शिर्डीला किंवा ज्योतिबाला पायी जाणारे, सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. निघण्याआधी तुमचे कपडे, शाल, पिशवी सगळं अंगावर चढवा, घरातल्या एकाला बॅटरी कानशिलाला लावून शंभर पावलांवर उभं करा आणि पाठमोरं चाला. तुम्ही दिसता की नाही हे त्याला विचारा, स्वतःला विचारू नका. आणि गटानं जात असाल तर रांग पुढून मोजू नका. मागं जा, खाली बसा आणि शेवटच्या माणसाच्या पायात पट्टी आहे का ते आधी बघा.